दर चार गुणांनी पाणी

४ जानेवारी

ती. वहिनी,

नमस्कार. आज पत्राला कारण भांडण आहे. तुमच्याशी नाही, घाबरू नका. फोनच करणार होतो, पण फोनवर तुम्ही अर्धं ऐकता आणि उरलेल्या अर्ध्याचं उत्तर देता, म्हणून कागद घेऊन बसलो.

डेपोत नोटीस लागली आहे. टायर स्टोअरच्या वरचा आपला हॉल मॅनेजरसाहेबांना सुटे भाग ठेवायला हवाय. टेबल टेनिसच्या वार्षिक स्पर्धेला पंधरा मार्चपर्यंत आठ नावं आली तर टेबल राहील, नाही तर भंगारात. आज यादीत चार नावं आहेत. मी, स्टोअरकीपर, कॅशियर, आणि चौथं टायरवाल्याचं, ते मीच त्याला न विचारता घातलंय. दादा टाइमकीपर होता तेव्हा ड्यूट्या बघून सामने लावायचा आणि दुपारी तीनला शिफ्ट बदलताना जिन्यावर पाय ठेवायला जागा नसायची. तुम्ही सीट सेक्शनमधून शिलाई मशीन बंद करून गुण मोजायला यायचात. त्या स्पर्धेची ही गत झाली आहे.

आता भांडण. एक नवी ड्रायव्हर आली आहे, पंचविशीची. सगळे तिला नॉनस्टॉप म्हणतात, कारण तिची गाडी थांब्यावर थांबते पण तोंड थांबत नाही. तिला म्हटलं, नाव दे. ती म्हणाली, काका, मी मागच्या वर्षी एक सामना बघितला, मध्येच डुलकी लागली. दर चार गुणांनी दोघं खाली बसतात आणि ग्लासभर पाणी पितात, हा नियम कुणाच्या डोक्यातून आला?

मग मी तिला सगळं सांगितलं. आपल्याकडे जो जिंकेल त्यानं पुढच्या वर्षासाठी वहीत एक नियम लिहायचा, ही पहिल्यापासूनची रीत. कुणी डाव्या हातानं खेळायला लावलं, कुणी स्मॅश मारणाऱ्याला माफी मागायला लावलं. आणि पाण्याचा नियम माझ्या दादाचा, त्यानं लिहिलेला शेवटचा. त्यानंतर नऊ वर्षं मी जिंकतोय आणि नऊ वर्षं मी वहीत दोनच शब्द लिहितोय, ‘नियम तोच’.

तर ती म्हणते, म्हणजे काका, नऊ वर्षं तुम्ही एकच सिनेमा लावून ठेवलाय आणि वर विचारताय प्रेक्षक का येत नाहीत.

माझं डोकं फिरलं. चारचौघांत तिला झापलं. म्हटलं, मी आहे तोवर तो नियम हलणार नाही, तुला खेळायचं तर खेळ, नाही तर गाडी पूस. ती हसली आणि निघून गेली, त्याचा जास्त राग आला.

वहिनी, तुम्ही चार ओळी लिहून पाठवा. दादाचा नियम आहे, तो का पाळायचा, ते तुमच्या शब्दांत. तुमचं अक्षर डेपोत अजून लोक ओळखतात. नोटीसबोर्डावर लावतो, मग बघू कोण तोंड उघडतंय.

तुमचा,
भाऊजी


१५ जानेवारी

प्रिय भाऊजी,

अनेक आशीर्वाद. मी फोनवर अर्धंच ऐकते हे खरं, पण तुमच्या बोलण्यातलं अर्धंच ऐकण्यासारखं असतं.

पोरीला उगाच झापलंत. मी पहिल्यांदा गुण मोजायला बसले तेव्हा मीही हेच विचारलं होतं, की डाव्या हातानं खेळायचा नियम कुठल्या शहाण्यानं केला. तो शहाणा माझा नवरा निघाला. हे वर्षभर हसत होते. नियम म्हणजे गंमत होती, भाऊजी. वर्ष संपलं की नियम संपायचा. कुणी त्याची पूजा मांडली नव्हती.

इकडे मी बरी आहे. लेक सकाळी जाते, जावई दुपारी जातो, मध्ये घर माझं. शेजारच्या बाईंना उशांचे अभ्रे शिवून देते. सीट कव्हर शिवून हाताला जाड सुईची सवय, अभ्र्याला भोकं पडतात. त्या काही बोलत नाहीत.

चार ओळींचं म्हणाल तर, बोर्डावर लावायला माझं पत्र नको. मी काय लिहू? बाहेर राहणाऱ्या बाईनं डेपोच्या खेळात नाक खुपसू नये. तुम्हीच या वर्षी काहीतरी नवं करा. स्पर्धेच्या समितीला सांगा, पाणी राहू दे बाजूला. एवढं पाणी पोटात घेऊन तुम्ही पळता तरी कसे?

तब्येतीला जपा. एकटा जीव सदाशिव म्हणून स्वयंपाकाला बुट्टी मारू नका.

वहिनी


२७ जानेवारी

ती. वहिनी,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. परकं माणूस म्हणालं तर एक वेळ चालतं, पण तुम्ही? ‘पाणी राहू दे बाजूला’?

समिती काही करू शकत नाही. नियम फक्त जिंकणारा बदलतो आणि तोही पुढच्या वर्षीचा. आणि मी तो बदलणार नाही. त्या पानावर मी प्लास्टिक चिकटवलंय. दादाचं अक्षर आहे खाली, तुम्हाला ठाऊक आहे तसंच, प्रत्येक शब्द वर चढत जाणारं. ‘दर चार गुणांनी दोघांनी बसून पाणी प्यावे.’ एवढंच.

दरवर्षी उद्घाटनाला मी दोन मिनिटं बोलतो त्यावर. आपल्याकडे अजून एकवीसचा डाव, सर्व्हिस पाच गुणांनी बदलते. मग पाणी पाचला का नाही, चारला का? तर दादाला सांगायचं होतं, की आपली पाळी संपायच्या आधीच माणसानं थांबायला शिकावं, समोरच्याच्या तोंडाकडे बघावं, आणि मग उठावं. हे मला कुणी शिकवलं नाही, मी विचार करकरून शोधलं. दोन वर्षं लागली. माझा भाऊ साधा टाइमकीपर नव्हता, वहिनी. तुम्हाला हे मी सांगावं?

आणि दुसरंही आहे. त्या नियमानं झालेली पहिली स्पर्धा, तीच दादाची शेवटची. फायनलला आम्ही दोघं. जन्मभर मी त्याच्याकडून हरलो होतो. त्या दिवशी ठरवून आलो होतो, एक चेंडू डाव्या कोपऱ्यात, एक उजव्या. असा पळवला त्याला, की बघणारे टेबलाला येऊन टेकले. तिसरा डाव एकवीस–सोळा. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली दुपार. तीन आठवड्यांनी तो झोपेतच गेला, कुणाला काही कळायच्या आत. बक्षीस समारंभ त्यानंतर झाला. मी वही उघडली तर समोर त्याचं पान. मी तिथे दुसरं काय लिहिणार होतो?

टेबल गेलं तर जाऊ दे. नियमासकट जाईल. हे मी मॅनेजरसाहेबांनाही सांगून आलो.

पाचवं नाव आलं. नॉनस्टॉपचं. म्हणाली, हरायला येते काका, ती वही जवळून बघायची आहे.

भाऊजी


८ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

हे पत्र बसून वाचा. आणि वाचून झाल्यावर माझ्यावर रागवा, ह्यांच्यावर नको. मेलेल्या माणसावर रागावलं की राग आपल्याच घशात अडकून बसतो. मला माहीत आहे.

नऊ वर्षं मी एक गोष्ट लपवली. परवा तुमचं पत्र वाचून रात्रभर लेकीच्या घराचं छत बघत पडले. हे बोलले नाहीत, मी बोलले नाही, आणि तुम्ही आमच्या गप्प बसण्यावर देऊळ बांधलंत.

ह्यांचं हृदय आधीच बिघडलं होतं. ते शेवटचे जिंकले ना, त्यानंतर लगेच, वहीत नियम लिहायच्या आधी, डॉक्टरांनी सांगितलं होतं, जिने चढायचे नाहीत, खेळ बंद. घरी येऊन मला म्हणाले, एकच वर्ष अजून, आणि धाकट्याला कळता कामा नये. मी खूप भांडले. मग रडले. मग, भाऊजी, मी त्यांना मदत केली.

जेवणाचं टेबल आम्ही भिंतीला लावलं. मी चेंडू टाकायची, एक डावीकडे, एक उजवीकडे. हे पळून मारायचे, चेंडू चुकला की एक गुण धरायचा. दम कधी लागतो ते बघायचं होतं. चार वेळा नीट झालं. पाचव्या वेळी त्यांनी खुर्ची धरली, आणि ओठांचा रंग मला आवडला नाही. तीन दिवस मोजलं. तिन्ही दिवस चारच. मीच म्हणाले, मग चारनंतर बसा. हे म्हणाले, मी एकटा बसलो तर सगळ्यांना कळेल. मी म्हणाले, मग दोघांना बसवा. नियम माझा आहे, भाऊजी. अक्षर तेवढं ह्यांचं.

पाळी नाही, शिकवण नाही. तो चारचा आकडा म्हणजे माझ्या नवऱ्याचा दम आहे.

आता तुम्ही त्या फायनलचा हिशोब मांडत बसाल, म्हणून ऐका. त्या दिवशी घरी आले ते जिन्यात दोनदा थांबून. शर्ट बदलायचीही ताकद नव्हती. मी काही बोलायच्या आत म्हणाले, ‘आज धाकटा माझ्याशी खेळला. आजवर अठराच्या पुढे गेला की त्याचा हात नरम पडायचा, मला मोठा भाऊ म्हणून सोडून द्यायचा. आज नाही सोडलं.’ आणि हसले. किती तरी दिवसांनी तसे हसले. तुम्हाला वाटायचं त्यांना कळत नाही. त्यांना पहिल्यापासून कळत होतं.

तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही त्यांच्याशी खेळला नसतात. म्हणून त्यांनी शपथ घातली. आणि नंतर मी सांगितलं नाही ते ह्याच भीतीनं, की तुम्ही पुन्हा कधी बॅट हातात धरणार नाही. त्यातून हे भलतंच झालं. एका आजारी माणसाची सोय तुम्ही सगळ्या धडधाकट माणसांवर लादलीत, आणि ते कंटाळून निघून गेले. टेबल भंगारात गेलं तर ते दादाच्या नियमासाठी गेलं असं म्हणू नका. ते माझ्या न बोलण्यानं गेलं.

मला माफ करता आलं तर करा. नाही आलं तरी पत्र लिहा.

वहिनी


२ मार्च

प्रिय भाऊजी,

तुमचं पत्र नाही. पोस्टमन आता मला लांबूनच मान हलवून नाही म्हणतो. काल डेपोत फोन लावला, कुणीतरी म्हणालं कामावर आहेत, हॉलमध्ये येत नाहीत. पुढचं मला ऐकू आलं नाही.

शिव्या द्या, पण लिहा.

वहिनी


११ मार्च

ती. वहिनी,

तुमचं पत्र मी पिटमध्ये वाचलं. डोक्यावर बस उभी होती, ब्रेक लायनर बदलायचे होते. वाचलं आणि तिथेच पायरीवर बसलो. वर आलो तेव्हा जेवणाची सुट्टी संपून गेली होती. त्या दिवशी मी केलेलं काम पहिल्यांदा दुसऱ्याकडून तपासून घेतलं. माझा माझ्या हातांवर भरवसा नव्हता.

तुमच्यावर खूप रागावलो होतो. वही फाडायला वर गेलो. प्लास्टिकमुळे फाटेना. मग दार लावून घरी गेलो आणि महिनाभर तिकडे फिरकलो नाही. वहिनी, मी ती सगळी फायनल पुन्हा खेळलो. एकेक चेंडू. डावा कोपरा, उजवा कोपरा. पाणी पिताना तो माझ्याकडे बघायचा, मला वाटायचं कौतुकानं बघतोय. तो श्वास जमवत होता. आणि मी समोर बसून घाई करत होतो, चल की दादा, म्हणून.

तुम्ही लिहिलंत तो हसला, ते मी किती वेळा वाचलं असेन, मोजलं नाही. त्या ओळीमुळे आज लिहू शकतोय. रडलो, हेही सांगून टाकतो. स्टोअरकीपरनं बघितलं, त्याला म्हटलं डोळ्यात ग्रीस गेलं. तो म्हणाला, दोन्ही?

त्याला मग सगळं सांगितलं. एकाला सांगितल्यावर वाटलं, सगळ्यांनाच सांगावं. तुमचं पत्र नाही लावलं, स्वतःच्या हातानं लिहून बोर्डावर लावलं. ‘पाण्याचा नियम माझ्या भावाच्या आजारासाठी होता. मला ते माहीत नव्हतं. नऊ वर्षं तुम्हाला विनाकारण बसवलं, आणि वर भाषण ऐकवलं. माफ करा.’ खाली सही.

दुसऱ्या दिवशी तीनला मी वर गेलो तर सात-आठ माणसं होती.  मग कॅशियर म्हणाला, ‘विनाकारण नाही हो. मला दमा आहे. त्या पाण्यामुळेच मी खेळू शकत होतो, पण सांगायची लाज वाटायची.’ स्टोअरकीपरनं गुडघे दाखवले. टायरवाला म्हणाला, मला दोन्ही नाही, पण माझं नाव कुणी घातलं? हसले सगळे.

यादीत बारा नावं झाली. टेबल या वर्षी वाचलं.

पण या वर्षीही पाणी आहेच, कारण वहीत मागच्या वर्षी मी तेच लिहिलंय. ते बदलायचं तर जिंकायला हवं. नाही तर सरळ नॉनस्टॉपला जिंकू द्यावं, ती बदलेल. गेले दोन आठवडे ती रोज सराव करते आहे म्हणे, आणि मेहनतीची आहे. मी दहाव्यांदा जिंकून काय मिळवणार? तुम्ही काय म्हणता?

मला तुमचा राग नाही आता. होता.

भाऊजी


१९ मार्च

प्रिय भाऊजी,

तुमचं पत्र आलं आणि मी लेकीच्या ऑफिसात फोन करून तिला सांगितलं. तिला वाटलं काहीतरी वाईट झालं, कारण मी रडत होते. आता ती म्हणते, मला एवढी भीती घालायची असेल तर आधी ‘चांगली बातमी’ असं म्हणत जा.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मुद्दाम हरायचं नाही. त्या पोरीचा तो अपमान आहे. तुमचा नरम पडणारा हात ह्यांना कधी आवडला नाही, फक्त तुम्हाला तोंडावर सांगवलं नाही. तुम्हाला जमेल तितकं जीव तोडून खेळा. जिंकलात तर तुमचा नियम लिहा, हरलात तर तिचा वाचा. ‘नियम तोच’ एवढं मात्र पुन्हा लिहिलंत तर मी स्वतः येऊन ते पान खाईन.

आणि बोर्डावर ते लावलंत, त्याबद्दल काय म्हणू? मला नऊ वर्षांत नाही जमलं.

वहिनी


१४ एप्रिल

ती. वहिनी,

हरलो. तिसऱ्या डावात एकवीस–अठरा.

जिन्यावर माणसं उभी होती. मॅनेजरसाहेब स्वतः आले आणि त्यांना बसायला खोका मिळाला, तोही सुट्या भागांचा. नॉनस्टॉपचं खेळणं म्हणजे नुसता धिंगाणा. टेबलाच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं याचा तिला नियमच नाही. पहिला डाव मी घेतला, दुसरा तिनं. तिसऱ्यात अठरा–अठरा. मी एकही चेंडू सोडला नाही, दादाची शपथ. तिनं शेवटचे तीन गुण ओळीनं घेतले आणि शेवटच्या चेंडूला मी हातच पोचवू शकलो नाही. मग ती नाचली नाही. माझ्याजवळ येऊन म्हणाली, काका, खुर्ची देऊ?

मग वही. ती बराच वेळ पेन चावत बसली. लिहून झाल्यावर माझ्याकडे दिली, वाचा म्हणाली. अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. पण लिहिलं होतं असं:

‘पाण्याचा नियम संपला. ज्याला थांबायचं असेल त्यानं थांबा म्हणावं. समोरच्यानं कारण विचारायचं नाही. कितीही वेळा.’

मोठ्यानं वाचायला गेलो आणि मधेच वही पुढे सरकवली. कॅशियरनं पुढचं वाचलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तिला वाटलं तिला, मला वाटलं दादाला. असो, दोघांनाही पुरतील इतक्या होत्या.

दादाच्या पानावरचं प्लास्टिक मी काढलं नाही. पण ते पान आता उलटलंय, पुढचं पान आलंय. मला वाटलं होतं दुःख होईल. तसं फारसं झालं नाही. पुढच्या वर्षासाठी आत्ताच एकोणीस नावं आहेत. मॅनेजरसाहेबांनी विचारलं, दुसरं टेबल बसेल का इथे.

एक गंमत सांगतो. तिसऱ्या डावात मला कळलं, की मी गुण मोजतच नाहीये. मी पाण्याचा ग्लास कधी येतो तेच मोजतोय. एक, दोन, तीन, आणि चौथ्याला हायसं. नऊ वर्षांची सवय, दुसरं काय.

भाऊजी


१९ एप्रिल

भाऊजी,

नियम फार सुंदर आहे, त्या मुलीला माझे आशीर्वाद सांगा. त्यावर पुढच्या पत्रात लिहीन.

तुमची गंमत मला गंमत वाटत नाही. ‘ग्लास कधी येतो तेच मोजतोय’ हे वाक्य मी आधी ऐकलंय. शब्द न् शब्द. आमच्या घरात, जेवणाच्या टेबलापाशी. तेही हसतच सांगितलं होतं.

तुम्ही दोघं एकाच आईची लेकरं आहात. तुमचे वडीलही हृदयविकारानंच गेले, हेही तुम्हाला माहीत आहे. मागच्या वेळी मी गप्प बसले. या वेळी बसणार नाही. हे पत्र टाकायच्या आधीच मी डेपोत फोन केलाय आणि ओरडून ओरडून त्या नॉनस्टॉपला बोलावून घेतलंय. ती तुम्हाला घेऊन डॉक्टरांकडे जाईल. तिच्याशी वाद घालू नका, तुम्हाला बोलायला जागाच मिळणार नाही.

डॉक्टरांपुढे शूरपणा नको. विचारतील ते खरं सांगा. मला खात्री झाल्याशिवाय झोप लागणार नाही.

वहिनी


३० एप्रिल

ती. वहिनी,

तुमचा फोन अख्ख्या डेपोनं ऐकला. तुम्ही काय बोललात ते शिपायालाही पाठ आहे.

नॉनस्टॉप घेऊन गेली. वाटेत एक शब्द बोलली नाही, तेव्हाच मी घाबरलो. डॉक्टर तरुण आहेत, फार हळू बोलतात. त्यांनी विचारलं, दम कधीपासून लागतो? मी ‘या महिन्यातच’ असं म्हणायला तोंड उघडलं. ती शेजारी बसली होती. मी म्हणालो, दोन वर्षं झाली.

हो, वहिनी. दोन वर्षं. तुम्हाला लिहिलं नाही, कुणालाच बोललो नाही. जिना चढताना मधल्या पायरीवर चपलेचा अंगठा नीट करायचो. पिटमधून वर येताना पाना विसरल्यासारखं करून परत खाली वाकायचो. आणि आता विचार करतो, तर गेली दोन वर्षं वहीत ‘नियम तोच’ लिहिताना मी दादासाठी लिहीत होतो की स्वतःसाठी, हे मला खरंच सांगता येत नाही. त्या पोरीवर एवढा का तापलो, तेही आता थोडं कळतं.

हृदयाच्या दोन नळ्या अरुंद झाल्यात. डॉक्टर म्हणाले वेळेवर आलात, अजून सहा महिने काढले असतेत तर बोलणं वेगळं झालं असतं. पुढच्या गुरुवारी सकाळी नऊला त्या उघडायला आत घेणार आहेत. दोन दिवस राहावं लागेल. नंतर चार महिने बॅट नाही. मग बघू म्हणाले, आणि मी खोदून विचारल्यावर ‘खेळाल’ असंही म्हणाले.

कामावर रजा टाकली. घराची किल्ली स्टोअरकीपरकडे दिली. डबा टायरवाल्याकडून येतो, नाव घातल्याचा सूड म्हणून बेचव देतो. सगळी व्यवस्था झाली आहे, तुम्ही काळजी करू नका, असं लिहून मी हे पत्र संपवणार होतो. लिहिलंही होतं, आणि पाकीट बंद केलं होतं. ते फाडून पुन्हा लिहितोय.

वहिनी, मला भीती वाटते आहे. तुम्ही गुरुवारच्या आधी या.

भाऊजी